विश्लेषण : औषध शोधणारे ‘एआय’ विष शोधू लागले तर?

नवे औषध शोधताना एआय मॉडेल विषारी रेणूंचे गुण कापते. अमेरिकेतील ‘कोलॅबोरेशन्स फार्मास्युटिकल्स’च्या संशोधकांनी एका परिषदेसाठी हाच निकष उलटा केला, जितके विषारी, तितके गुण जास्त. सहा तासांच्या आत ४० हजार रेणू समोर आले, अर्थात संगणकाच्या अंदाजानुसार घातक. त्यात ‘व्हीएक्स’ही होते. २०१७ मध्ये क्वालालंपूर विमानतळावर किम जोंग-नाम यांचा जीव घेणारे हेच रसायन!

हा प्रयोग २०२२ मध्ये जाहीर झाला. संशोधकांनी एकही रेणू प्रत्यक्षात बनवला नाही. त्यासाठी कच्चा माल, कसबी हात आणि प्रयोगशाळा लागते. त्यामुळे खरा पहारा तिथेच हवा. पण पुरवठादार फक्त प्रतिबंधित रसायनांची यादी पाहून ऑर्डर अडवत असेल, तर यादीत नसलेला नवा रेणू तो कसा ओळखणार?