खराब दाणा कोंबड्यांना? जरा थांबा!

डब्यातल्या मक्याला बुरशी आली किंवा शेंगदाणे खवट झाले, की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘टाकू नका, कोंबड्यांना घाला.’ वरवर पाहता ही काटकसर. पण परसात दहा कोंबड्या असोत की शेडमध्ये दहा हजार, ती फार महागात पडू शकते.

1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मरण पावले. रोगाचा जंतू काही सापडेना. शेवटी दोषी ठरली ती ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड. तिच्यावर ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती. या बुरशीच्या नावावरूनच तिच्या विषाला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणू लागले. पुढे 1974 मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पावसात भिजलेला, बुरसटलेला मका खाऊन अनेकांना कावीळ झाली आणि शंभरावर माणसे दगावली.

कोंबडीच्या शरीरात हे विष पहिला घाव घालते तो यकृतावर. ते फिकट, पिवळसर होते आणि सुजते. पक्ष्याची भूक मंदावते, वाढ खुंटते, अंडी घटतात. त्याहून मोठा धोका मात्र डोळ्यांना दिसत नाही. रोगप्रतिकारशक्ती घडवणाऱ्या ग्रंथी आक्रसतात आणि वेळेवर दिलेली लसही नीट लागू पडत नाही. मग राणीखेत किंवा गंबोरोची साथ आली, की मालक लशीला बोल लावतो. खरा चोर मात्र खाद्याच्या पोत्यात बसलेला असतो! शिवाय तो एकटा नसतो. ऑक्रॅटॉक्सिन मूत्रपिंडे बिघडवते, तर टी-2 या विषाने चोचीत आणि तोंडात चट्टे पडतात.

अशी विषे एकत्र आली तर काय होते, याचा अभ्यास बंगळूरला झाला आहे. तेथील हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील कुक्कुटशास्त्र विभाग ‘गिरिराज’ कोंबडीमुळे आपल्याकडेही परिचित आहे. याच विभागातील प्रा. जी. देवेगौडा आणि त्यांचे सहकारी एम. व्ही. एल. एन. राजू यांनी ही तिन्ही विषे ब्रॉयलर पक्ष्यांना सुटी आणि एकत्र देऊन पाहिली. त्यांचे निष्कर्ष 2000 मध्ये प्रसिद्ध झाले. विषाने पक्ष्यांचे वजन घटले. यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून बनवलेला, विष बांधून ठेवणारा पदार्थ खाद्यात मिसळल्यावर हे नुकसान काही अंशी भरून निघाले. काही अंशीच, हे महत्त्वाचे. म्हणजे औषध आहे, पण त्याच्या भरवशावर कुजका मका घेणे शहाणपणाचे नाही.

खरा उपाय साठवणीत आहे. मका चांगला वाळवूनच ठेवावा. त्यातील ओलावा 12-13 टक्क्यांहून अधिक नसावा. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर रचावीत. गळके छप्पर पावसाळ्यापूर्वीच दुरुस्त करावे. आधी आणलेले खाद्य आधी संपवावे. खाद्याच्या भांड्यांच्या तळाशी चिकटलेला जुना थर खरवडून काढावा. फुटके, किडके दाणे निवडून टाकावेत, कारण बुरशी तिथेच आधी शिरते.

बुरशी झटकली किंवा दाणा भाजला, तरी विष पुरते जात नाही. दाणा दिसायला स्वच्छ असला तरी विष असू शकते. म्हणून मोठ्या कुक्कुटपालकांनी मका आणि पेंडीचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. भारतीय मानकानुसार कोंबडीखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-1 चे प्रमाण किलोमागे 20 मायक्रोग्रॅमच्या वर नसावे. इतके सूक्ष्म प्रमाण ना डोळ्याला कळते, ना नाकाला.

मग घरातल्या बुरसटलेल्या दाण्यांचे काय करायचे? गाईम्हशींपुढेही टाकू नयेत, कारण विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध शेवटी मुलांच्याच पेल्यात येते. सरळ खड्डा करून पुरून टाकावेत. पसाभर दाणे वाया जातील, पण खुराडे शाबूत राहील.