पाऊस फुकट, टाकी कोणी बांधावी?

राजस्थानातील अजमेर जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील तिलोनिया गावी १९७२ साली सुरू झालेल्या संस्थेने शाळांच्या छपरांवरील पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठवून दाखवले. हिशेब सोपा आहे. २०० चौरस मीटर छपरावर एवढ्या पावसाचे १ लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ८० हजार उरते. १०० मुले आणि शाळेचे २०० दिवस धरले, तर दर मुलामागे रोज ४ लिटर. पिण्यास पुरेसे, संडासास नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या सरीचे मळके पाणी बाहेर सोडावे, टाकी झाकलेली ठेवावी.

मग अडते कोठे? पाऊस फुकट आहे, सिमेंट नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत पिण्याचे पाणी बंधनकारक केले. परंतु खर्चाचा प्रश्न निघताच राज्यकर्त्यांना 'लोकसहभाग' आठवतो. भूमिहीन मजुराने रोज बुडवून खड्डा खणावा आणि बिल मात्र कंत्राटदाराने उचलावे! हे श्रमदान नव्हे, वेठ आहे. तोवर हंडा घेऊन वर्गाबाहेर पडते ती मुलगीच. शाळा-इमारतीच्या अंदाजपत्रकातच टाकीची तरतूद झाली पाहिजे, ही मागणी साथींनी ग्रामसभांतून रेटावी.