आयता तुकडा, पण उघडून बघितलेला

वेबसाइट करणाऱ्या मुली हल्ली सगळा प्रोग्राम स्वतः लिहीत बसत नाहीत, आणि त्यात कमीपणा तो कसला? बटण, मेनू, फॉर्म, तारीख निवडायचं कॅलेंडर, सगळ्याचे तयार तुकडे मिळतात, तेही बहुतेक फुकट. ट्विटरमधल्या मार्क ऑटो आणि जेकब थॉर्नटन यांचं 'बूटस्ट्रॅप' २०११ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, फेसबुकचं 'रिअ‍ॅक्ट' २०१३ मध्ये. एकदा लिहिलेला तुकडा हवा तिथे पुन्हा वापरायचा. आपण तरी दर वेळी गोडा मसाला घरीच कुटतो का?

पण पुडीत काय आहे, ते माहीत नको? मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने नावावरून झालेल्या वादात चिडून आपले सगळे तुकडे 'एनपीएम' या सार्वजनिक कोठारातून काढून घेतले. त्यातला 'लेफ्ट-पॅड' जेमतेम ११ ओळींचा. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. पण तो गेला आणि जगभर मोठमोठ्यांची कामं अडली! शेवटी काही तासांतच कोठारवाल्यांनी तो परत आणून ठेवला.

मला राग येतो तो क्लासवाल्यांचा. भरमसाट फी घेतात आणि नुसतं जोडायला शिकवतात. मैत्रिणींनो, तुमची लेक किंवा सून असा कोर्स करणार असेल, तर पैसे भरण्याआधी तिला विचारू दे, "सर, यातला एक तुकडा उघडून ओळीओळीने समजावाल का?" सरांनी टाळाटाळ केली, तर सरळ दुसरा क्लास बघा.