यकृतशूलाचे मूळ श्रोणीतही शोधावे

उजव्या बरगडीखाली दुखते म्हणून एखादी तरुण स्त्री चिकित्सालयात येते. दीर्घ श्वास घेताना, खोकताना वा कूस बदलताना कळ उठते. क्वचित ती उजव्या खांद्यापर्यंत जाते. आपण पित्ताश्मरीची शंका घेऊन सोनोग्राफी करवतो. खडा आढळत नाही. यकृताच्या रक्तचाचण्याही प्राकृत येतात. मग 'पित्त आहे' असे सांगून आरोग्यवर्धिनी वा एखादे यकृताचे सायरप दिले जाते. आमच्या मते चूक घडते ती नेमकी येथे.

ओटीपोटातील जंतुसंसर्ग कधी कधी यकृताच्या आवरणापर्यंत पोहोचतो. शोथ आवरणाला होतो, यकृताला नव्हे. म्हणूनच चाचण्या बहुधा प्राकृत असतात. कर्टिस यांनी १९३० मध्ये यकृत व उदरभित्ती यांमधील, व्हायोलिनच्या तारांसारखी दिसणारी बंधने वर्णिली. १९३४ मध्ये फिट्झ-ह्यू यांनी त्यात भर घातली. या व्याधीला त्या दोघांचेच नाव मिळाले. परम्याचे जंतू आणि क्लॅमिडिया ही त्याची प्रमुख कारणे होत. आपल्याकडे जननमार्गाचा क्षयही विसरता कामा नये.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात परिप्लुता योनिव्यापदेत श्रोणी, वंक्षण व पृष्ठ येथील वेदना आणि ज्वर सांगितला आहे. यकृतशूल तेथे नाही, व तो ओढूनताणून शोधण्याचे कारणही नाही. परंतु दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा तर आपलीच आहे. त्यातील प्रश्न आपण संकोचापोटी गाळतो. अंगावरून जाते काय, त्यास दुर्गंध आहे काय, ओटीपोट दुखते काय, ताप येतो काय, पाळी चुकली आहे काय, अलीकडे गर्भपात झाला वा तांबी बसवली काय, हे विचारलेच पाहिजे. सासू वा पती शेजारी असता ती उत्तर देणार नाही. तिच्याशी एकांतात, स्त्री-परिचारिकेच्या उपस्थितीत बोलावे. ओटीपोटाची तक्रार सौम्य असली वा नसली, तरी शंका सोडू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनाही आमची विनंती आहे. तीच स्त्री वेदनाशामक गोळी पुन्हा मागू लागली, तर तिला तपासणीस धाडावे. चिठ्ठीवाचून दोन दिवसांची प्रतिजैविके देऊ नयेत. या संसर्गाची चिकित्सा सामान्यतः चौदा दिवसांची असते आणि संसर्ग लैंगिक असल्यास पतीवरही उपचार लागतात.

अशी रुग्णा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे त्वरित पाठवण्यात वैद्याचा कमीपणा नाही. विलंब झाल्यास गर्भनलिका बाधित होतात. पुढे वंध्यत्व वा नलिकेतील गर्भधारणा संभवते. मग काही वर्षांनी हीच स्त्री मूल होत नाही म्हणून आपल्याच दारात येते. त्या दिवशी आपण फलघृत लिहून देतो. पण जो प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा राहिला, त्याची भरपाई कोणत्याही घृताने होत नाही.