पुसू नका हो गाडी!

परवा लेक आणि जावई पुण्याहून आले. पसरणीचा घाट चढून आलेली गाडी, त्यात पाऊस जाऊन चार महिने झालेले, त्यामुळे टपापासून चाकापर्यंत धूळच धूळ. गाडी अंगणात थांबते न थांबते तोच जावईबापूंनी डिकीतून पिसाऱ्यासारखं एक भलंमोठं झटकणं काढलं आणि झाडायला सुरुवात केली. मी झोपाळ्यावर चहा पीत होतो. राहवलं नाही. म्हणालो, "अहो, राहू द्या ती धूळ. धुळीने काही बिघडत नाही, तुमच्या झटकण्याने बिघडतंय." ते हसले. सासऱ्याचं बोलणं हसण्यावारी न्यायचं असतं हे त्यांना लग्नातच कोणीतरी शिकवलं असावं.

बोलता बोलता सगळी दिनचर्या कळली. रोज सकाळी सोसायटीतला मुलगा गाडी पुसतो. रविवारी धुणं. शिवाय दर तीन-चार महिन्यांनी 'डिटेलिंग', म्हणजे आपल्या जुन्या भाषेत मशीनवरचं रबिंग-पॉलिश. दोन वर्षांत सहा वेळा! गाडी काळी. मी त्यांना हाताला धरून उन्हात नेलं आणि बॉनेट दाखवलं. सूर्याचं प्रतिबिंब पडलं होतं त्याच्याभोवती कोळ्याचं जाळं विणावं तसे बारीक ओरखडे, आणि बॉनेटच्या कडेला बोटभर लांबीचा फिकट पट्टा, जिथे मशीनने रंगच खाल्लेला. "पण बाबा, शोरूमपेक्षा जास्त चमकते," ते म्हणाले. तर मंडळी, आजचं हे भांडण त्या चमकेशी आहे. (जावयांची परवानगी घेतली आहे. "लिहा, फक्त गाडीचा नंबर घालू नका" एवढीच अट.)

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या माणसाला गाडीच्या रंगातलं काय कळतं? कबूल. पण मारुती ८०० मी बरीच वर्षं चालवली आणि स्वतःच्या हाताने खराबही केली. त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

पूर्वीच्या ॲम्बॅसडर-फियाटच्या साध्या रंगाच्या गाड्यांना रंगाचा एकच जाड थर असे. पॉलिश करताना फडक्याला रंग लागायचा, म्हणजे काय झिजतंय ते डोळ्यांना दिसायचं. आताच्या बहुतेक गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक असते ती त्याची, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून रंगाला वाचवतो तोही तोच. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग किंवा त्याहूनही थोडी कमी. वर्तमानपत्राचा कागद याहून जाड असतो! मशीनवर चांगलं दाबून रबिंग केलं की दर वेळी त्यातले दोन-तीन मायक्रॉन जातात, कडांवर तर जास्तच. आणि तो पारदर्शक असल्यामुळे झिजताना फडक्याला काही लागत नाही. एक दिवस कडेला पट्टा उमटतो किंवा टपाची साल निघू लागते, तेव्हा कळतं. मग परत रंगवण्याशिवाय इलाज नाही.

म्हणजे पॉलिश ओरखडा भरून काढत नाही. ओरखड्याच्या आजूबाजूचा चांगला थर घासून त्याच्या तळापर्यंत आणतं, इतकंच. भिंतीला भोक पडलं म्हणून सगळी भिंत तेवढी तासून काढावी, तशातली गत. दुकानदार हे सांगत नाही. त्याने का सांगावं? गिऱ्हाइकाला चमक हवी, त्याने चमक दिली. रोज पुसून ओरखडे पाडायचे, तीन महिन्यांनी पैसे मोजून ते घासून काढायचे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पुसायला सुरुवात! यात झिजते फक्त गाडी, आणि खिसा.

हे कळायला आमच्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक बघावा. आजीच्या आजीपासूनचा, चांदीचा. दर सणाला राख आणि रांगोळीने घासलेला. आजी घासायची, आई घासायची, नंतर आमची ही घासायला लागली. सगळ्यांनी भक्तीने घासला. आज त्यातल्या घोड्याला तोंड राहिलेलं नाही, आणि देवाचं नाक कुठे होतं ते अंदाजाने ओळखायचं. घासणाऱ्या प्रत्येकीला त्या दिवशी टाक लखलखीतच दिसला होता.

पाचगणीत तर हा प्रश्न आणखी नाजूक. इथली माती जांभ्याची, लाल. टेबललँडवर घोडे आणि घोडागाड्या दिवसभर पळतात, ती लाल भुकटी वाऱ्याबरोबर खाली येऊन गाड्यांवर बसते. जांभ्याचा लाल रंग हा लोखंडाच्या गंजाचा. आणि सराफ सोन्याला जिल्हई द्यायला जी लाल पूड वापरतात तीही मुळात लोखंडाच्या गंजाचीच! सराफाची पूड निदान चाळून वस्त्रगाळ केलेली असते. आपल्या गाडीवरच्या भुकटीत खडे आणि वाळूचे कणही असतात, आणि वाळू काचेलासुद्धा ओरखडा पाडते. कोरड्या फडक्याने हे मिश्रण पुसायचं म्हणजे स्वतःच्या हाताने पॉलिश पेपर मारायचा. धूळ नुसती बसून असते तोवर निरुपद्रवी. उपद्रव करतो तो आपला हात.

दुसऱ्या टोकाला जाऊ नका, तेही सांगतो. पाखरांची शीट, झाडाचा चीक आणि मेलेले किडे यांना मात्र माफी नाही. शीट उन्हात तापली की काही तासांत डाग कायमचा बसतो, आणि आमच्या सिल्व्हर ओकखाली गाडी लावणाऱ्यांना हे सांगायला नको. पण तिथेही खरवडायचं नाही. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवायचं, भिजली की अलगद उचलायची. रत्नागिरीकडच्या आमच्या नातेवाइकांनी खारं वारं लक्षात घेऊन गाडी, विशेषतः खालची बाजू, जास्त वेळा धुवावी. आणि दसऱ्याला वाहनांची पूजा झाली की हळद-कुंकू त्याच संध्याकाळी पाण्याने काढावं. आमच्या पांढऱ्या मारुतीवर एका दसऱ्याचं कुंकू पुढच्या दसऱ्यापर्यंत होतं.

मग किती वेळा काय करायचं? माझं मत असं. पंधरवड्यातून एकदा धुणं पुष्कळ झालं, पावसाळ्यात चिखल असेल तर आठवड्याला. आधी नुसतं पाणी ओतून माती वाहून जाऊ द्यायची, हात नंतर लावायचा. दोन बादल्या घ्यायच्या, एक साबणाची, एक फडकं खळबळायची. साबण गाडीचाच, भांड्याचा नको, त्याने मेण निघून जातं. धुणं सावलीत. वर्षातून दोन-तीनदा हाताने मेण लावावं, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा पाऊस सरल्यावर. मेणाने काही झिजत नाही, उलट एक पांघरूण मिळतं. मशीनचं रबिंग मात्र गाडीच्या उभ्या आयुष्यात एकदा, फार तर दोनदा, तेही गरज दिसली तर. सिरॅमिक कोटिंगबद्दल जावयांनी विचारलंच. चांगलं असेल, पाणी सुरेख ओघळतं. पण तो थर मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा. त्याच्यावर वाळू घासली तर ओरखडे पडायचे थांबत नाहीत.

पाण्याचाही मुद्दा आहेच. आमच्याकडे पावसाळ्यात नको नको होईतो पाऊस, आणि मे महिन्यात बादल्या मोजायची वेळ. अशा गावात येऊन पाहुणेमंडळी पाइप सोडून गाड्या धुतात. दहा मिनिटं पाइप म्हणजे शंभर लिटरच्या पुढे. दोन-तीन बादल्यांत जे होतं त्याला एवढं पाणी? मला तर ते बघून त्रास होतो. (आमची ही म्हणते, तुम्हाला सगळ्याचाच त्रास होतो.)

आता सगळ्यात अवघड भाग. लेकीने विचारलं, "बाबा, रोज पुसायचं बंद केलं तर त्या मुलाचं काय? त्याचं पोट त्यावर आहे." प्रश्न बरोबर आहे. मी म्हणालो, एक रुपया कमी करू नका. त्याला सांगा, रोज एकाच बादलीत, एकाच मळक्या फडक्याने वीस गाड्या पुसू नकोस. आमची गाडी पंधरा दिवसांतून एकदा नीट धू, महिन्याचे पैसे तेच. फडकी आणि दुसरी बादली आम्ही देतो. त्यावर जावई म्हणाले, तो मुलगा ऐकेल हो, पण सोसायटीतले लोक म्हणतील, यांची गाडी बघा कशी मळकी!

खरं दुखणं ते आहे. धुळीची लाज वाटते.

तर ते परवा परत गेले. निघताना नातीने मागच्या काचेच्या खाली, धुळीत बोटाने आपलं नाव लिहिलं. त्यानेही ओरखडे पडतात हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही. काल लेकीचा फोन आला. गाडी धुतली, अगदी मी सांगितलं तशी, दोन बादल्या वगैरे. उन्हात तिरकं बघितलं की नाव अजून वाचता येतं म्हणे. जावई म्हणतात, एवढं पॉलिश करून घेऊ या का? लेक नको म्हणाली.

तुमच्यापैकी कोणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर लिहा. फक्त 'आमचा माणूस रोज पुसतो आणि काही होत नाही' असं लिहिणार असाल, तर आधी गाडी उन्हात उभी करून बॉनेटकडे एकदा बघून या.