सात घरांचं अंगण

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमधलं एक घर गेले दोन महिने आम्ही पाहतोय. चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात सिडकोसाठी आखलेली ही वसाहत. सात घरं मिळून साधारण ८ मीटर लांब-रुंद असं एक अंगण. भिंत मात्र कुणाची कुणाला लागून नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं त्यानं घर वाढवावं.

एजंट म्हणाला, "अंगण म्हणजे कटकट, साहेब. पोरांचा गोंगाट, पार्किंगची भांडणं. त्यापेक्षा तळोज्यात बघा, तुमचे लोक आहेत." पार्किंगचं खरं आहे, अंगणात चार बाइक उभ्या होत्या. पण 'तुमचे लोक' डोक्यातून जाईना. याआधी माझं नाव ऐकल्यावर दोन फ्लॅट 'कालच गेले' होते. तरी एजंटला सगळा दोष देऊन मी सुटत नाही. आपल्यातही हाच सल्ला मिळतो, आणि मलाही तो सोपा वाटला होता. टॉवरमध्ये दार लावलं की संपलं. इथे सहा घरं आमची ईद बघणार, आमची भांडणंही ऐकणार.

रविवारी अम्मीला घेऊन गेलो. समोरच्या काकूंनी आधी आमचं नाव-गाव विचारलं, मग म्हणाल्या, "टाकी मोठी बसवा, पाणी कमी येतं. आणि गाडी माझ्या तुळशीसमोर लावायची नाही."

अम्मी परतताना म्हणाली, "बाई कडक आहे. घे घर."

सोमवारी टोकन दिलं.