हट्ट दुर्बिणीचा

हट्ट करण्याचा मान घरोघरी मुलांकडे असतो. आमच्याकडे यंदा दिवाळीच्या तोंडावर तो माझ्याकडे आला. नवे कपडे नकोत, मिठाई नको, मला दुर्बीण हवी होती. म्हणजे कागदोपत्री ती आमच्या कन्येसाठी होती. पण घरातल्या माणसांना फसवणे मला आजवर कधी जमलेले नाही.

कन्या गेली तीन वर्षे नेमबाजी शिकते आहे. तिच्याविषयी या सदरात मी अजून अवाक्षर लिहिले नव्हते, कारण तशी सक्त ताकीद होती. या खेपेला परवानगी मिळाली ती एका अटीवर. तिचे गुण छापायचे नाहीत. अट मी पाळणार आहे.

पहिली अडीच वर्षे ती एअर रायफल चालवत होती. अंतर १० मीटर. तिथे दुर्बिणीचा प्रश्नच नव्हता. एक छर्रा मारावा, बटण दाबावे, की कार्ड तारेवरून सुरसुरत आपल्यापाशी येते आणि छर्रा कुठे लागला ते नाकासमोर दिसते. त्या कार्डावर दहा गुणांची जागा म्हणजे अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. साबुदाण्याचा दाणासुद्धा त्यापुढे डोंगर वाटावा. पण तो ठिपका हातात घेऊन पाहता येतो, बापाला दाखवता येतो, बापाला तो शेजाऱ्यांना दाखवता येतो. मोठे सुखाचे दिवस होते ते.

यंदा पावसाळा सरता सरता ती ५० मीटरच्या रायफलीवर गेली आणि माझे सुख संपले. ५० मीटर म्हणजे आमच्या जिन्यापासून कोपऱ्यावरच्या वाण्याचे दुकान. त्या दुकानात एक बशी टांगली आहे अशी कल्पना करा. कार्डावरचे काळे वर्तुळ तेवढे, बरोबर ११२.४ मिलिमीटरचे. त्याच्या मधोमध शर्टाचे बटण. ते दहा गुणांचे, १०.४ मिलिमीटरचे. आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. काळ्यावर पडलेले ते एवढेसे भोक ५० मीटरवरून दिसावे, असा डोळा देवाने गरुडाला दिला असेल. मला चष्मा दिला आहे. बरे, उठून पाहून यावे म्हटले तर तेही नाही. सगळ्यांच्या बंदुका खाली ठेवल्याखेरीज कोणीही पुढे पाऊल टाकायचे नाही, हा रेंजवरचा पहिला नियम. तेव्हा मुलगी पोटावर पडून गोळ्या झाडते आहे आणि मी मागच्या बाकावर बसून तिच्या बुटांचे तळवे पाहतो आहे, असे आमचे रविवार जाऊ लागले.

शेजारच्या जोशीकाकांनी सल्ला दिला, “अहो, बंदुकीवरच बसवा की दुर्बीण!” ते चालत नाही. या शर्यतींत बंदुकीवर मोठे करून दाखवणारी काच लावायला बंदी आहे. मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या गोल माशीत ते काळे वर्तुळ धरायचे, एवढेच. मी म्हणतो ती दुर्बीण वेगळी. तिला स्पॉटिंग स्कोप म्हणतात. ती बाजूला स्टँडवर उभी असते. नेम धरायला तिचा काही उपयोग नाही. गेलेली गोळी कुठे गेली, एवढेच ती सांगते.

बोनसचे तीस हजार हाती येणार होते. मी एका शनिवारी दुकान गाठले. दुकानदाराने एक लांबलचक, काळीभोर, सरळ नळीची दुर्बीण काढून दाखवली. वीस पटींपासून साठ पटींपर्यंत वाढणारी. किंमत सव्वीस हजार. दुकानाच्या दारातून मी समोरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरील कबुतर पाहिले. त्याच्या डोळ्याभोवतीचे तांबडे कडे दिसले! दुकानदाराला पुढे एक शब्दही बोलावा लागला नाही. मी त्याच्याकडून दरपत्रक लिहून घेतले आणि तरंगत घरी आलो.

सौ.ने कबुतराची हकिकत शांतपणे ऐकून घेतली. मग विचारले, “अहो, पण यातून पाहिलं की तिचा नेम सुधारतो का?”

“तसं नाही, पण...”

“मग सव्वीस हजारांत काय सुधारतं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते म्हणून मी ते शोधायला रेंजवरच्या सुभेदारसाहेबांकडे गेलो. फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ, रेंजची व्यवस्था तेच पाहतात. दरपत्रक त्यांनी हातभर लांब धरून वाचले.

“सरळ नळीची?” ते म्हणाले. “साहेब, तुम्ही जमिनीवर पालथे पडा बघू.”

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी रेंजच्या चटईवर पालथा पडलो. त्यांनी हातात काठी दिली, तीच बंदूक समजायची. “आता कोपर न हलवता डाव्या बाजूच्या सरळ नळीत डोळा लावा.” लागला नाही. डोळा लावायचा तर मान ताणावी लागे, खांदा उचलावा लागे, आणि मोठ्या कष्टाने जुळवलेली बैठक मोडे. म्हणून नेमबाजाच्या दुर्बिणीची डोळा लावायची बाजू वाकडी हवी, पंचेचाळीस अंशांत वळलेली; नुसती मान कलली की दिसले पाहिजे. सरळ नळी कबुतरांसाठी उत्तम.

साठ पटींचेही तेच झाले. सुभेदारांनी कागदावर हिशोब मांडला. ५० मीटरला वीसने भागा, अडीच मीटर. म्हणजे वीस पटींत कार्ड जणू समोरच्या भिंतीवर येते, आणि अडीच मीटरवरून ५.६ मिलिमीटरचे भोक दिसायला हरकत नाही. त्याहून वाढवाल तसा उजेड घटतो. पुढची काच साठ मिलिमीटरची असेल तर वीस पटींत डोळ्यापाशी येणारा प्रकाशाचा झोत तीन मिलिमीटरचा असतो, साठ पटींत एकच मिलिमीटरचा. भरीला उन्हात जमिनीवरून उठणारी झळही तितक्याच पटीने मोठी होते आणि कार्ड पाण्यात बुडाल्यासारखे डुलू लागते. “ती झळ मात्र कामाची हं,” ते म्हणाले. दुर्बीण कार्डाच्या किंचित अलीकडे रोखली तर झळ कोणत्या बाजूला वाहते ते दिसते, आणि वारा कुठून येतो ते कळते. चष्मेवाल्याने आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. चष्मा न काढता सगळे वर्तुळ दिसते का? मला दुकानात अर्धेच दिसत होते. बाकीचे अर्धे मी उत्साहाने भरून काढले होते.

शेवटी त्यांनी ट्रंकेतून स्वतःची जुनी दुर्बीण काढली. वीस पट, एवढेच. एका बाजूला पोचा. “महिनाभर वापरा. मग दुकानात जा.”

मी माझ्या बाकापाशी ती उभी केली आणि पुढचा रविवार आयुष्यातला एक संस्मरणीय रविवार ठरला. प्रत्येक भोक दिसत होते! मी हळूच सांगू लागलो, “नऊ. डावीकडे... दहा! शाबास... अगं, आठ कशी?” माझ्या मते मी मदत करीत होतो. पण तिच्या गोळ्या पांगू लागल्या. पुढच्या रविवारी सुभेदारांनी मला तोंड उघडायचे नाही म्हणून बजावले. मी उघडले नाही. तरीही गोळ्या पांगल्याच.

रात्री जेवताना ती म्हणाली, “बाबा, तुम्ही श्वास घेता ते मला ऐकू येतं.”

“म्हणजे?”

“गोळी चांगली लागली की तुम्ही श्वास सोडता. नाही लागली की सोडतच नाही. मी तेच ऐकत बसते.”

सौ.ने माझ्या पानात न मागता आणखी भात वाढला. ही तिची दिलासा देण्याची पद्धत आहे.

तिसऱ्या रविवारी दुर्बीण कन्येच्या डाव्या हाताशी गेली आणि मी बाक सोडून चहाच्या टपरीवर. लांबून पाहिले. शर्यतीपूर्वी अंदाजाच्या गोळ्या मारू देतात, त्यांची मोजदाद नसते. तेव्हा ती प्रत्येक गोळीनंतर दुर्बिणीत पाही आणि मागच्या साइटची चकती एकदोन खटके फिरवी. एकदा जुळले की मग मान कलून एक ओझरती नजर, पुन्हा बंदूक. मी चिकटून बसत होतो तशी ती एकदाही बसली नाही.

त्याच दिवशी तिने जाकीट उतरवले तेव्हा काखेखाली लालभडक वळ दिसला. नेमबाजीचे जाकीट आपल्या कोटासारखे मऊ नसते. जाड कॅनव्हासचे, पुठ्ठ्यासारखे ताठ असते, आणि ते अंगाला नेमके बसले तरच शरीर स्थिर राहते. हे जाकीट तीन वर्षांपूर्वीचे. तेव्हा ती चौदा वर्षांची होती.

“हे कधीपासून काचतं?” मी विचारले.

“उन्हाळ्यापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

ती पट्टे सोडवत राहिली. “तुम्ही इतक्या आनंदानं दुर्बिणीचं बोलत होता,” ती म्हणाली, “दोन्ही कुठून येणार?”

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर पाहत बसलो. घरी येऊन दरपत्रक छत्र्यांच्या कपाटात टाकले आणि दुसऱ्या दिवशी जाकिटाचे माप द्यायला गेलो. बोनस त्यात गेला.

ज्या घरांत असाच वाद चालू असेल त्यांच्यासाठी आमचा हिशोब सांगून ठेवतो. मूल १० मीटरवर असेल तर दुर्बिणीवर एक पैसा खर्चू नये. ५० मीटरवर असेल आणि रेंजवर कागदी कार्डे असतील तर ती लागतेच. पण आधी रेंजवर सामाईक आहे का ते विचारावे, जुनी मिळते का ते पाहावे, वाकड्या मानेची, वीस-पंचवीस पटींची पुरे, आणि स्टँड मात्र जड घ्यावा. रेंजवर इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये असतील तर गोष्टच मिटली. गोळी कुठून गेली ते यंत्रच हेरते आणि नेमबाजाशेजारच्या पडद्यावर ठिपका उमटवते, दहापूर्णांकासुद्धा. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या शर्यतीत ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवले, तेव्हा तो ठिपका आपण सर्वांनी घरबसल्या पाहिला. मोठ्या स्पर्धांत आता सगळीकडे हेच आहे. सुभेदार म्हणतात, दहा वर्षांनी माझी दुर्बीण पोरं तारे बघायला नेतील.

तोवर ती आमच्याकडे आहे. महिना कधीच उलटला, परत न्यायला गेलो तर ते म्हणाले, “पोचा माझा आहे, तेवढा सांभाळा.”

नवे जाकीट वसुबारसेच्या आदल्या रविवारी आले. मी टपरीवर दोन चहा घेतले, वर्तमानपत्र उलटसुलट वाचले. साठ गोळ्या संपल्या, बंदुका खाली ठेवल्या गेल्या, मंडळी पुढे जाऊन कार्डे घेऊन आली. कन्या जाकिटाचे वरचे बटण काढत थेट टपरीकडे आली आणि कार्डांची चळत माझ्या हातात देऊन म्हणाली, “घ्या, आता मोजा. आणि श्वास घेतलात तरी चालेल.”

मी चष्मा पुसला आणि सगळी भोके दोनदा मोजली. किती झाले ते सांगता येत नाही, अट आहे.